दोन आडवे हात

गावात अजून पंगती बसत, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या इनामदार तात्यासाहेबांचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता. पंगतीत मालकाशेजारी त्याचंही पान मांडलेलं असे आणि तात्यासाहेब त्याला आग्रह करकरून जिलब्या खिलवत. खंड्या इतका सुटला, की ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना त्याला धाप लागे.

वाढायला आमचे धोंडूकाका असत. एकदा त्यांना राहवलं नाही. "सरकार, कुत्र्याला एवढं गोड सोसत नाही. जीव जाईल त्याचा."

इनामदार गरजले, "तू मला शिकवणार? शेपटी हलवून खातोय तो! कधी नको म्हणालाय?"

काका जिलबीचं ताट घेऊन इनामदारांपुढेच वाकले. "मग सरकार, तुम्ही घ्या."

तात्यासाहेबांनी झटकन पानावर आडवा हात धरला. "छे छे! वैद्यांनी मला गोड बंद केलंय."

"बघा सरकार," काका म्हणाले, "तुम्हाला सांगायला वैद्य आहेत आणि नको म्हणायला हात आहे. त्या बिचाऱ्याला नुसती शेपटी आहे, आणि तुम्ही विष वाढलंत तरी ती हलेलच."

तात्यासाहेबांनी खंड्याच्या पानातली जिलबी मुकाट्याने उचलली.

हल्ली आपणच ताट घेऊन रांगेत उभे राहतो, आग्रह करायला कुणी येत नाही. पण जिलबी दिसली की मला त्यानंतरच्या पंगती आठवतात. वाढपी आला की तात्यासाहेब एक हात आपल्या पानावर आडवा धरत आणि दुसरा खंड्याच्या.