आजाचा पहिला घास

डोंगराच्या कुशीत, मोहाच्या झाडांआड एक वारली पाडा होता. तिथं इवलीशी बुधी आणि तिचा आजा दोघंच राहायचे. आजाला दिसत नसे, चालवत नसे. बुधी त्याला नाचणीची आंबील पाजायची आणि उरली तर स्वतः प्यायची. बहुतेकदा उरायची नाही.

एकदा लाकडं वेचताना तिला काट्यांत अडकलेलं सोनेरी फुलपाखरू दिसलं. तिनं ते अलगद सोडवलं, तर त्याची झाली चंदेरी पंखांची परी. परी म्हणाली, दोन गोष्टी माग, पण दिलेलं मला परत घेता येत नाही. बुधीनं आजाची नीट काळजी घ्या म्हटलं, बाकी काही नाही.

परीनं कांडी फिरवताच झोपडीत लखलखती जादूची फरशी आली, मऊमऊ गादी आली, केशरी खीर आली. आजानं पहिला घास घेतला आणि जमिनीवर टाकला. फरशीनं तो लगेच गडप केला. बिचाऱ्याचा हात कापतो, असं परीनं परस्पर ठरवलं आणि त्याला गुलाबी लाळेरं बांधलं. आजानं पुन्हा घास टाकला. परीनं फावड्याएवढा चमचा आणला. पुन्हा टाकला, तेव्हा ती स्वतः भरवायला बसली. मग आजानं तोंड मिटलं, ते दोन दिवस उघडलंच नाही.

बुधी रडकुंडीला आली. आजा असाच उपाशी राहिला तर?

"परीबाई, दुसरं मागणं," ती म्हणाली. "तुम्ही आजालाच विचारा."

हे परीला सुचलंच नव्हतं. तिनं विचारलं.

"पहिला घास वाडवडलांचा, पोरी," आजा म्हणाला. "तो मातीला लागला पायजे. माझा बाप उपाशी, आन् मी खीर खाऊ?"

परीचे पंखसुद्धा लाजेनं लाल झाले. फरशी परत घेता येईना आणि मागण्याही संपलेल्या, म्हणून तिनं पदर खोचला. बुधीनं माती आणली, शेण कालवून दिलं, आणि परीनं कोपरापर्यंत बरबटून फरशी सारवली. पहिल्यांदा इतकी वाईट सारवली की बुधीनं पुन्हा करायला लावली.

भुई वाळली. आजानं पहिला घास मातीवर ठेवला. दुसरा चाचपडत बुधीच्या तोंडात घातला. तिसरा स्वतः खाल्ला, आणि परीला हात धुऊन जेवायला बस म्हणाला. परी जेवली, खुदकन हसली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली. त्या दिवसापासून बुधीचं आंबिलीचं मडकं कधी रिकामं झालं नाही.

आजा मात्र अजून सांगतो, "पोरगी गुणाची होती. विचाराया जरा उशीर केला, इतकंच."