निकमबाईंना खो मिळेना

तालुक्याच्या खो-खो फायनलला तेंडोलकर सर खुर्चीत टेकलेले कुणी कधी पाहिले नव्हते. तीस वर्षांचा अनुभव उभ्यानेच ओरडायचा. समोरच्या शाळेच्या निकमबाईंचं मात्र प्रशिक्षक म्हणून हे पहिलंच वर्ष, आणि त्या बाकावर शांत बसलेल्या. गुण बरोबरीत होते. मध्यंतरात सरांना राहवेना. चारचौघांत त्यांनी विचारलंच, “काय हो बाई, मुली जीव तोडून धावतायत आणि तुम्ही गप्प? अजून भीड चेपली नाही वाटतं?”

“सर, पाठीमागून खो मिळायच्या आत उठलं तर फाऊल, असं तुम्हीच शिकवता ना?” बाई म्हणाल्या. “माझ्या मुलींनी मला अजून खो दिलेला नाही.”

दुसरा डाव सुरू झाला. सर सवयीने ओरडायला पुढे सरसावले, पण तोंड उघडण्याआधी त्यांनी नकळत मागे वळून पाहिलं.