क्लचवर धरलेली गाडी

एकदा एक विद्वान गृहस्थ आपल्या रुसलेल्या बायकोला माहेराहून परत आणायला निघाला आणि सोबत त्याने आपल्या वृद्ध गुरूंना घेतलं. 'रुसलेली' हा शब्द त्याचा, माझा नव्हे. आपल्याकडे पुरुषांना संताप येतो आणि बायका नुसत्या रुसतात, अशी एक सोयीची समजूत आहे.

गृहस्थाचं नाव अरविंद. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. त्याची बायको हेमलता तिची आई वारली तेव्हा माहेरी गेली, ती दिवसकार्य उरकलं, पावसाळा सरला, तरी परतली नव्हती. घरी अरविंद आणि त्याचे म्हातारे वडील अण्णा, असे दोघेच उरले होते आणि घराची पार रया गेली होती. ज्यांच्या पायाशी बसून अरविंद न्यायशास्त्र शिकला, त्या गुरुजींना हेमलता फार मानते, हे त्याला ठाऊक होतं.

"तुम्ही दोन शब्द सांगा, गुरुजी. तुमचा शब्द ती मोडायची नाही," तो म्हणाला. गुरुजी गाडीत बसले.

हेमलताचं माहेर घाटमाथ्यावर. घाटात ऐन चढावर एक ट्रक बंद पडला होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. हातभर पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं, असा प्रकार. अरविंदने हँडब्रेकला हातही लावला नाही. क्लच अर्धवट दाबून, दुसऱ्या पायाने किंचित रेस देत, त्याने गाडी चढावर तशीच तोलून धरली. घाटात गाडी हाकणाऱ्यांना या करामतीचा कोण अभिमान! हँडब्रेक ओढला की जणू इभ्रत गेली.

"बघा गुरुजी, तसूभर मागे जात नाही."

"मग ब्रेक कशाला असतो रे?"

"तो शिकाऊ लोकांसाठी."

"असं होय! आणि मग ही उभी आहे कशाच्या जोरावर?"

शिकवायची संधी मिळाली की मास्तर सोडतो थोडीच? अरविंद खुलला. "इंजिन फिरतंय, चाकं थांबलीत. दोघांच्या मध्ये एक गोल प्लेट असते, क्लचप्लेट. दोघांचा मेळ बसेपर्यंत ती घासत राहते आणि सगळं सांभाळून घेते."

"आणि मेळ बसलाच नाही तर?"

"तर काय, घासत राहते. तिचं कामच आहे ते."

गुरुजींनी मान डोलावली. थोड्या वेळाने गाडीत जळका वास यायला लागला. कागद जळल्यासारखा, नाक चुरचुरणारा. "पुढच्या ट्रकचा असणार," असं म्हणत अरविंदने काचा वर केल्या. वास आतच कोंडला.

रस्ता मोकळा झाला आणि बाकीच्या गाड्या भराभर निघून गेल्या. यांचं इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी काही चढेना. अरविंदने आणखी रेस दिली तसा खालून धूर आला. शेवटी मागच्या चाकांना दगड लावून गाडी कडेला सोडली आणि दोघे दुधाच्या टेम्पोत बसून गावात पोचले. एका विद्वानाची वरात दुधाच्या रिकाम्या कॅनांच्या संगतीत सासुरवाडीला गेली म्हणायची.

आता या घरातली एक रीत सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत अण्णांनी अरविंदला चारचौघांत मूर्ख म्हटलं होतं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. भांडण नाही, वाटणी नाही, सगळं कसं सभ्य. बोलणं व्हायचं ते हेमलताच्या तोंडून. "अण्णांना विचार, पंखा बंद करू का." अण्णा समोरच्याच खुर्चीत. "त्याला सांग, मला थंडी वाजत नाही." दोघांनाही दोघांचं ऐकू यायचं, तरी ती उच्चारेपर्यंत दोघेही थांबायचे. कडू शब्द तिने वाटेत गोड करायचा, आणि गोड केला की दोघांनी तिच्यावरच उलटायचं: "हे त्यांचे शब्द नव्हेत, तूच पदरचं घातलंस." अशा घराला लोक शांत घर म्हणतात. डोंबलाचं शांत!

हेमलताने गुरुजींना वाकून नमस्कार केला, चहा आणला आणि ओटीच्या पायरीवर बसली. अरविंदने घसा खाकरला.

"अण्णांनाही वाटतं, तू परत यावंस."

"तुम्हाला म्हणाले ते?"

"मला कसे म्हणतील? आम्ही बोलत नाही, हे काय तुला माहीत नाही? पण वाटत असणारच. तू आलीस की तूच विचार त्यांना."

हेमलताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मग ती गुरुजींशीच बोलू लागली.

"आईचा जीव घाबरा झालाय, लगेच या, असा फोन आला होता, गुरुजी. अण्णा म्हणाले, त्याला सांग गाडी काढायला. हे म्हणाले, अण्णांना सांग, त्यांनी मला सरळ सांगावं, तेव्हा काढतो. मी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझारा घालत होते. दोघांच्याही पाया पडले. शेवटी स्टँडवर जाऊन मिळेल ती एसटी पकडली. इथे आले तर माणसं स्मशानातून परतत होती. आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही मला."

"मी काढणारच होतो गाडी," अरविंद पुटपुटला.

गुरुजी उठले. त्यांनी हेमलतापुढे हात जोडले आणि म्हणाले, "मुली, तू परत येऊ नकोस."

अरविंदचा चेहरा खर्रकन उतरला. "गुरुजी! समजूत घालायला आणलं मी तुम्हाला, आणि तुम्ही..."

"तीच घालतोय. फक्त तुझी घालतोय," गुरुजी म्हणाले. "चढावर थांबायचं तर ब्रेक होता, जायचं तर गिअर होता. तू दोन्ही केलं नाहीस. मधल्या प्लेटीवर सगळा भार टाकून उभा राहिलास आणि त्याला कसब म्हणालास. वडिलांशी तोडलंही नाहीस, जोडलंही नाहीस. त्यांनीही नाही. तुम्ही दोघे जिथल्या तिथे ठणठणीत आहात, अरविंदा. जळली ती ही. आणि वास आला तेव्हा तू काचा लावून घेतल्यास."

"पण मी हिला कधी वावगा शब्द बोललो नाही, गुरुजी."

"इंजिनाने तरी प्लेटीला कुठे शिव्या दिल्या? गाडीचं एक बरं असतं. नवी प्लेट घातली की ती उद्या घाट चढेल. तू इथे नवी बसवायला आलेला नाहीस. जळलेलीच उचलून पुन्हा तिथे घालायला आला आहेस. त्या कामाला मी हात लावणार नाही."

हेमलता रडली नाही, की जिंकल्यासारखी हसलीही नाही. तिने कपबश्या गोळा केल्या आणि ती आत निघून गेली. इतकी वर्षं ज्या बाईला दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला उसंत नव्हती, तिला त्या ओटीवर कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नव्हता.

अरविंदने खिशातून फोन काढला आणि घरचा नंबर लावला. गुरुजींनी मान दुसरीकडे वळवली.

"अण्णा, मी अरविंद बोलतोय."

पलीकडून अण्णा म्हणाले, "सूनबाईला फोन दे."

अरविंदने आतल्या दाराकडे पाहिलं. आत हेमलता भांडी विसळत होती. एक हाक मारली असती तर ती सवयीने हात पुसत बाहेरही आली असती.

"नाही, अण्णा," तो म्हणाला. "ती आता आपल्या दोघांच्या मध्ये नाही. काय बोलायचं ते मलाच बोला."

अण्णा काही बोलले नाहीत. पण फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.