शनिवारचा हुक्का

अलिबागेत एक गोरा चित्रकार उतरला. बायबलमधली माणसं त्याने पॅरिसमध्ये बसून भरपूर रंगवली होती, पाहिली तेवढी नव्हती. इथे त्याने जेरुसलेममधला प्राचीन शनिवार, यहुद्यांचा पवित्र वार, रंगवला: गालिचे, नर्तकी आणि पेटता हुक्का ओढणारे यहुदी. खऱ्या यहुद्याने मान डोलावली की चित्र कलेक्टरच्या कचेरीत लागणार होतं. म्हणून गावातल्या हसाजी झिराडकर या यहुदी तेल्याला बोलावलं.

कलेक्टरसमोर हसाजी म्हणाला, "आम्ही यहुदी शनिवारी विस्तव पेटवत नाही, साहेब."

चित्रकार भडकला. "तुला काय कळतं? पूर्वेकडे तीन हजार वर्षांत काहीही बदललेलं नाही."

"मग तेव्हाही आम्ही पेटवला नसणार. हा हुक्का तुम्हीच पेटवलेला दिसतो."