डालग्यापासून चिंचेपर्यंत

गाव कोंबड्याच्या बांगेवर उठायचं, तेव्हाची गोष्ट. मुंगसाच्या तावडीतून कशीबशी सुटलेल्या ठिपकी कोंबडीनं उडायचा सराव धरला. आधी कोंबड्या झाकायच्या पालथ्या डालग्यावर, मग कडब्याच्या गंजीवर, आणि वर्ष सरता सरता थेट कुंपणावर! तिची मान ताठ झाली.

दाणे खाऊन अंगानं सुटलेला कोंबडा हसला. "वर्षभर धडपडून कुंपणच ना? त्या घारीकडे बघ जरा!"

"घार गेल्या साली कुठं होती, मला ठाऊक नाही. मी मात्र डालग्याखाली होते."

इतक्यात मुंगूस आलं. ठिपकी भुर्रकन कुंपणावर गेली. कोंबडा खाली सैरावैरा धावू लागला.

"डालग्यावर, दादा! आता गंजीवर!" ठिपकी वरून ओरडली.

शेपटाची चार पिसं गमावून कोंबडा गंजीवर पोचला. धाप ओसरल्यावर त्यानं कुंपणाकडे पाहिलं. ठिपकीची नजर चिंचेच्या फांदीवर होती.