पाणी कुणीही पाजतं

माणसांना दवाखाने सुचण्याआधीच रानात एक दवाखाना होता. तिथली मेट्रन बगळीबाई. ती सकाळी राउंडला निघाली की साळुंकी नर्स दारातच म्हणायची, "बाई, आज किती फ्रेश दिसताय!" महिनाअखेरीला शाल-श्रीफळ मिळायचं ते साळुंकीलाच.

खारूताई मात्र खाटांपाशी असायची. पेशंटना कुशीवर वळवायची, घोटघोट पाणी पाजायची. एकदा तापाने फणफणलेल्या रानडुकराने तिची तारीफ केली, तेव्हा बगळीबाई फणकारली, "पाणी काय, कुणीही पाजतं! त्यात कसलं कौतुक?"

हे सगळ्या नर्सनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी राउंडला साऱ्याजणी दारात रांगेत हजर, खारूताईसुद्धा. बगळीबाईला वाटलं, आता कुठे शिस्त लागली.

पुढे बगळीबाईचाच पाय मोडला. तिला खाटेवर निजवून सगळ्यांनी टाळ्यांच्या गजरात तिचा सत्कार केला. "अगं, पाणी द्या गं कुणीतरी!" ती कळवळली.

"हो बाई, पाणी काय, कुणीही पाजतं," तिच्या अंगावर शाल घालत साळुंकी म्हणाली. आणि तो 'कुणीही' केव्हा येतोय, म्हणून सगळ्याजणी दाराकडे बघत उभ्या राहिल्या.