सरकारांची पंगत

उदाजीराव सरकारांनी अक्कल गहाण टाकून मिशा वाढवल्या होत्या. आईसाहेबांना घेऊन ते शाळेचं प्रदर्शन पाहायला आले. वेणूबाई मास्तरणींच्या सस्तन प्राण्यांच्या तक्त्यात डुक्कर, वटवाघूळ, माकड आणि माणूस एकत्र पाहून ते कडाडले, "आम्ही डुकरांच्या पंगतीत? आईचं दूध प्यालेले मर्द आहोत आम्ही! आम्हाला आत्ताच्या आत्ता यातून काढा, नाहीतर नोकरी गेली समजा!"

याला शिकवायचं तरी काय, असं वेणूबाईंना वाटलं. त्या अदबीनं म्हणाल्या, "काढते की, सरकार! पण या वर्गाची खूणच आईचं दूध. आपण ते कधी प्यालाच नाहीत, एवढं आईसाहेबांदेखत सांगा, लगेच वगळते."

आईसाहेबांनी लेकाकडे नुसतं पाहिलं. सरकारांचा मिशीवरचा हात खाली आला. तक्त्यातला माणूस जागचा हलला नाही.